गवत पाहायला गेलो होतो

आर्वीच्या बसस्टँडवर चहाच्या टपरीत जुन्या सोबत्यांबरोबर बसलो होतो, तेव्हा जपानहून फोन आला. वैशाली, माझी भाची, तिकडे म्हाताऱ्या माणसांच्या सेवागृहात कामाला होती. फोन तिच्या खोलीत राहणाऱ्या केरळच्या मुलीचा होता. मोडक्यातोडक्या हिंदीत ती एवढंच म्हणाली, "अंकल, वैशाली ड्यूटी पे गिर गई... डॉक्टर बोला, सिर के अंदर खून बहा. वो चली गई, अंकल." कुणी गाडीची वेळ सांगावी तसं मी "हां, हां" म्हणत राहिलो. तिने वैशालीच्या आईचा नंबर मागितला. मी म्हणालो, नको, आईला मी सांगतो.

वैशूची आई म्हणजे माझी मोठी बहीण, शोभाताई. वडनेरला एकटीच राहते. आर्वीहून वर्धा, मग हिंगणघाट, तिथून वडनेर. सगळी नोकरी मी एसटीत कंडक्टर म्हणून काढली, या रस्त्यावरचे थांबे मला झोपेतही सांगता येतील. पण त्या दिवशी प्रत्येक थांब्यावर वाटत होतं, गाडी इथेच बंद पडावी. मी पोचत नाही तोवर ताईची पोरगी जिवंत आहे... ताई अंगणात तूर पाखडत होती. "आज कसा आला रे? फोन नाई, काई नाई?" म्हणत ती उठली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा खाली बसली. "वैशू?" तिनेच विचारलं. मला एक शब्दही बोलावा लागला नाही.

वैशू लहान असतानाच माझे भाऊजी गेले. तिने नागपूरला नर्सिंग केलं, तिथेच कुठल्याशा क्लासात जपानी शिकली. गावात लोक म्हणायचे, एकुलती एक पोर, एवढ्या दूर काऊन धाडता? ताई म्हणायची, "तिले जायचं हाय, जाऊ द्या." विमानतळावर मात्र ताईने तिचा हात धरला तो सोडवेना. पोरीनेच एकेक बोट हलकेच मोकळं केलं.

गेल्या वर्षी कोजागिरी आटोपली आणि वैशूने आम्हा दोघांना तिकडे बोलावून घेतलं. तिला सुट्टी कमी. त्यातल्या एका दिवशी ती आम्हाला डोंगरावरचं गवताचं पठार पाहायला घेऊन गेली. आधी रेल्वे, मग घाटातली बस. बसमध्ये कंडक्टर नव्हता. उतरताना लोक आपणहून ड्रायव्हरजवळच्या डब्यात पैसे टाकत होते आणि ड्रायव्हर प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होता. मी बघतच राहिलो. वैशू म्हणाली, "मामा, इथं तुले कोणी नोकरीवर नसतं ठेवलं."

वर पोचलो तर अख्खी टेकडी पांढऱ्या तुऱ्यांनी भरलेली. वारा आला की सगळे तुरे एकदम वाकायचे, उन्हात चमकायचे. ताईने एक तुरा हातात धरून पाहिला आणि म्हणाली, "व वैशू, हे तं आपल्या वावराच्या धुऱ्यावरचं कांस गवत हाय! हे उपटू उपटू आमचा जीव गेला, अन् हे लोकं फोटो काढून राह्यले?" वैशू हसत हसत वाटेवरच बसली. शेजारून एक म्हातारं जोडपं चाललं होतं, त्यांना तिने जपानीत ते सांगितलं. म्हातारी तोंडावर हात ठेवून हसली आणि ताईला वाकून नमस्कार करून गेली. ताईनेही हात जोडले. माझी बहीण इतकी मोकळी हसलेली मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

चढण संपल्यावर आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या खायला बसलो. तेव्हा ताईने पोटातलं ओठावर आणलं. "पोरी, तू इथच्या म्हाताऱ्यायचं सारं करतं. मले कोण पाहीन?" वैशू म्हणाली, "उन्हाळ्यात येते, आई. कायमची. नागपूरले काम पाहीन, अन् दर रविवारी वडनेर." पुरीचा घास मोडून ताईने लेकीच्या तोंडात घातला. ऊन उतरलं, गवत पिवळं झालं, आम्ही बस पकडायला खाली निघालो... सुखाचा म्हणावा असा माझ्या बहिणीचा तो शेवटचा दिवस.

ऐन थंडीत वैशू गेली. देह आणणं जमलं नाही, दहन तिकडेच झालं. केरळची ती मुलगी पांढऱ्या कापडात गुंडाळलेली पेटी घेऊन वडनेरला आली. ताईने पेटी मांडीवर घेतली. "एवढीशी?" म्हणाली. मग विचारलं, "शेवटी कोण होतं तिच्यापाशी?" मुलीने सांगितलं, सेवागृहातली एक आजी आली होती, तिने वैशालीचे केस विंचरले. मी ते ताईला समजावून सांगितलं. ताई म्हणाली, "दुसऱ्याच्या मायनं विंचरले." बस, एवढंच. ती रडली नाही, अजूनही रडलेली नाही. अस्थी वेणा नदीत सोडल्या. लोक येतात, सांगतात की देवाला चांगली माणसं लवकर लागतात. मला त्या देवाशी काही बोलायचं उरलेलं नाही. उन्हाळा तोंडावर आला आहे. अंगणात ऊन तापू लागलं की ताई उठून आत जाते.

वैशूने तिकडून एक सवय आणली होती. सुट्टीत घरी आली की उंबऱ्यापाशी उतरवलेल्या सगळ्यांच्या चपला ती तोंडं बाहेर करून ठेवायची, निघताना माणसाला नुसता पाय घालता यावा म्हणून. ताई तेव्हा चिडायची, पाहुण्याले जा म्हणून सांगतं का, म्हणायची. आता भेटायला आलेले लोक बसले की ताई हळूच उठते, उंबऱ्यापाशी वाकते आणि एकेक जोड फिरवून ठेवते. परवा मीही वाकलो तिच्यासोबत. कोपऱ्यात वैशूची जुनी निळी चप्पल होती, तोंड घराकडे. मी ती फिरवायला गेलो, तर ताईने माझं मनगट धरलं.

"ते नको फिरवू," ती म्हणाली. "ते राहू दे तशीच."