पकडीचं बक्षीस

परवा एका खेळाडूच्या मामांचा फोन आला. भाचा चढाई चांगली करतो, पुढच्या वर्षी तुमच्या कॉलेजात यायचं म्हणतोय, एवढं सांगून त्यांनी लगेच विचारलं, "रेट काय हाय सर तुमचा?" सोलापुरातल्या एका कॉलेजात मी शारीरिक शिक्षणाचा संचालक आहे आणि कबड्डीचा संघ माझ्याकडे आहे. दम कसा टिकवायचा, पाय कुठे टाकायचा, पडताना खांदा कसा वाचवायचा, हे शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. रेट सांगायला मी काय मार्केट यार्डात कांदा घेऊन बसलोय? असं मी त्यांना म्हणणार होतो. पण म्हणालो नाही, कारण रेट मला पाठ होता.

आमच्याकडे बक्षीस पुकारायची पद्धत जुनी आहे. सामना रंगला की गर्दीतला कोणी हौशी माणूस उठतो, समालोचकाच्या कानाला लागतो, आणि भोंग्यावरून पुकारा होतो, या चढाईला अमक्यांकडून इतकं, कधी चुकून एखाद्या पकडीला तमक्यांकडून तितकं. मला हा प्रकार कधीच आवडला नाही. सात जणांच्या खेळात एकालाच हार घालायचा म्हणजे काय? म्हणून मी माझ्यापुरता एक नियम केला होता. सामना संपला की कडेला टॉवेल अंथरायचा, आणि ज्याला जे मिळालं असेल ते त्यानं त्यात टाकायचं. त्यातून सगळ्यांना दूध, अंडी, कुणाच्या घोट्यासाठी बँडेज. जो दिवसभर राखीव म्हणून नुसता बसला त्यालाही अंडं मिळायचं. आता नोटच दिसत नाही. देणारा मैदानात येतो, खेळाडू पिशवीतला फोन काढतो, स्कॅन होतं आणि पैसे परस्पर त्याच्या खात्यात. मी दोन-तीनदा टॉवेल अंथरून पाहिला. पोरं त्याला तोंड पुसून गेली.

हे सगळं अंगावर आलं ते गेल्या वर्षीच्या संघात. त्या संघात दोघे होते, ज्यांच्यावर माझी सगळी भिस्त होती. एक चढाईवाला, उजनीच्या पाण्याकाठच्या गावातला, केळी-उसाच्या घरातला. देवानं पायात स्प्रिंगा घालून पाठवलेला. दुसरा उजव्या कोपऱ्यावर खेळायचा, शहरातलाच, वस्तीतल्या विहारामागे घर, आई एका दवाखान्यात आया. कोपरावाल्याचं काम घोटा पकडायचं. समोरचा चढाईवाला आत आला की यानं झेप घालायची आणि पाय सोडायचा नाही, मग नाक फुटो की दात पडो. त्याच्या शेजारी, त्याचा हात हातात धरून, उभा असायचा तो आमचा चढाईवाला. याला आम्ही साखळी म्हणतो. एकानं पाय धरला की दुसऱ्यानं कंबर धरायची, पण तोवर हात सोडायचा नाही. वर्षभर मी त्या दोघांना हात धरून मैदानभर पळवलं होतं.

कोपरावाल्याचं ते शेवटचं वर्ष. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र असलं तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर अर्ज. त्याच्या घरी सगळे याच एका गोष्टीकडे डोळे लावून बसले होते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा अंतिम सामना जिंकणाऱ्या संघातले जास्त खेळाडू निवडतात, हे उघड गुपित. त्यामुळे त्याला फक्त जिंकायचं होतं. बक्षिसाचं त्याला काही नव्हतं, कारण कोपरावाल्याला बक्षीस पुकारतं कोण?

त्याच वर्षी शहराबाहेरच्या एका श्रीमंत कॉलेजनं खेळाडू उचलायला सुरुवात केली. राहायला खोली, महिन्याला रक्कम, वर गाडीत पेट्रोल. प्रवेश कुठल्या तरी पदविकेला. त्यांच्या एका खेळाडूला मी विचारलं, बाबा, शिकतोस काय? तो म्हणाला, विचारून सांगतो. आमच्या संस्थेचे अध्यक्ष हे ऐकून पेटले. तोवर त्यांनी मैदानाला पाण्याचा नळ दिला नव्हता, पण आता चढाईवाल्यासाठी पैसे निघाले. का, तर तो पळून जाऊ नये. कोपरावाल्याचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, "सर, पब्लिक पकड बघायला येतं का?" मी कपाळाला हात लावला. तेव्हापासून माझं काम शिकवणं राहिलंच नाही. चढाईवाला रुसला का, जेवला का, त्याला दुसऱ्या कुणाचा फोन आला का, हे बघत मी फिरायचो. सकाळच्या सरावाला तो आठवड्यातून दोनदा उगवायचा. उरलेले दिवस कुठल्या ना कुठल्या गावच्या स्पर्धेत पैसे घेऊन खेळायचा आणि अंग दुखतंय म्हणून येऊन बसायचा. रागावलो की अध्यक्षांचा फोन, सर, जरा सांभाळून घ्या. आणि हा कोपरावाला कुणाचा हात धरून सराव करायचा? माझा. या वयात मी त्याच्याबरोबर हात धरून पळत होतो. काय सांगणार!

अंतिम सामना आमच्याच मैदानावर झाला, त्या श्रीमंत कॉलेजशी. शेवटच्या चढाईला आम्ही एका गुणानं पुढे होतो आणि चढाई त्यांची होती. पकड झाली तर जिंकलो, त्याला मोकळा परत जाऊ दिला तरी जिंकलो. मी कडेवरून ओरडून सांगितलं, हात सोडू नका. तेवढ्यात आमचे अध्यक्ष उठले आणि समालोचकाच्या कानाला लागले. मी पंचांच्या टेबलाकडे धावलो, म्हणालो, हे आत्ता पुकारू नका, हवं तर नंतर द्या. समालोचकानं अध्यक्षांकडे पाहिलं, अध्यक्षांनी मला बसायची खूण केली, आणि भोंगा वाजला, जो पकड करील त्याला अध्यक्षांकडून रोख बक्षीस. रक्कम ऐकून मैदान उठून उभं राहिलं.

त्यांचा चढाईवाला उजवीकडे आला. आमच्या कोपऱ्यानं झेप घातली आणि घोटा धरला, अगदी शिकवला तसा. आणि त्याच क्षणी शेजाऱ्यानं, आमच्या चढाईवाल्यानं, त्याचा हात सोडला. पकड आपल्या एकट्याच्या नावावर लागावी म्हणून त्यानं मागून फिरून स्वतःची वेगळी उडी मारली. ती निसटती बसली. साखळी तुटली, आणि तो गडी दोघांना ओढत मधल्या रेषेपर्यंत गेला आणि बोटं टेकवली. दोघेही बाद. दोन गुण. एका गुणानं हरलो.

कोपरावाला उठला तेव्हा हात तसाच बाजूला धरून होता, कुणाच्या तरी हातात असल्यासारखा. रडला नाही, भांडला नाही. मलाच वाटत होतं की अध्यक्षांच्या हातातला माईक हिसकावून घ्यावा. मी घेतला नाही. नोकरी आहे.

विद्यापीठाच्या संघात चढाईवाल्याची निवड झाली, कारण गुण त्याचे जास्त होते. कोपरावाल्याची झाली नाही. पुढच्याच महिन्यात चढाईवाला त्या श्रीमंत कॉलेजात गेला. जाताना पेढे घेऊन आला आणि म्हणाला, सर, तुमच्यामुळंच. मी पेढा खाल्ला. दुसरं काय करणार?

या मोसमाच्या आधी अध्यक्षांनी बोलावून सांगितलं, वैरागला मोठी स्पर्धा आहे, एक चढाईवाला फार गाजतोय, जा आणि ठरवून या. रकमेत कुठवर जायचं तेही सांगितलं. गेलो. चरफडत गेलो, पण गेलोच. मंडपाखाली बसलो आणि बघतो तर उजव्या कोपऱ्यावर आमचाच गडी. कुठल्याशा मंडळानं त्या दिवसापुरता घेतलेला. करंगळीला चिकटपट्टी, गुडघ्याला पट्टा. खेळत मात्र होता तसाच. समोरचा आत आला आणि यानं एकट्यानं घोटा धरून त्याला जागेवर बसवला. माझा हात आपोआप वर गेला. पण एक गोष्ट खटकली. पूर्ण सामनाभर त्यानं शेजाऱ्याचा हात धरला नव्हता.

सामना संपल्यावर तो येऊन पाया पडला. मी पहिल्यांदा तेच विचारलं, साखळी का नाही केलीस? गुडघा घालवशील अशानं. तो पट्टा सोडत शांतपणे म्हणाला, "सर, त्यो उद्या समोरच्या टीमकडनं खेळणार हाय. आज त्याचा हात धरून काय करू?"

भरतीचं काय झालं विचारलं, तर आणखी एकदा बघतो म्हणाला, आणि विषय बदलला. मग त्यानं वर पाहिलं. चेहरा एकदम उजळला होता.

"सर, एवढ्या लांब मला बघायला आलायसा व्हय?"

मंडपाच्या दुसऱ्या टोकाला त्या गाजलेल्या चढाईवाल्याचा काका, ज्याच्याशी रक्कम ठरवायची होती तो, उभा होता आणि हातातला फोन उंचावून मला बोलावत होता. मी त्याच्याकडे पाठ केली.

"व्हय," मी म्हणालो. "तुलाच बघायला आलो."

तो खूश झाला. चहा घेऊन येतो, हितंच थांबा सर, म्हणून लंगडत गेला. तो परत यायच्या आत मला काकाशी बोलून घ्यायचं होतं.