नाल्यावरचा बाटलीवाला

शहराचं सांडपाणी साफ करणारा प्लांट आमच्या वावराच्या वरच्या अंगाला आहे. तिथून नाल्यात सुटणाऱ्या पाण्यावर माझा पालक पिकतो. प्लांटवरचा एक माणूस रोज सकाळी नाल्यातून बाटली भरायचा, उन्हात धरून बघायचा, हुंगायचा आणि निघून जायचा. हा आमचं पाणी तोडायला आला असावा, असा मला संशय होता.

एकदा विचारलंच, "काऊन भरून राह्यले पाणी?"

तो हळूच म्हणाला, "पाणी साफ करायची मशीन चार दिवसांपासून बंद हाये, भाऊ. कोणी सांगनार नाई. आज पालक तोडू नोका."

मला वाटलं, माझा माल बाजारात येऊ नये म्हणून याला तिथल्याच कुणीतरी पढवून पाठवलं असेल. मी पालक तोडला, देवळीच्या बाजारात नेला आणि सगळा विकला.

घरी मात्र एक जुडीही ठेवली नाही.