वहिनीचा दिवा

माझा दादा वायरमन. अख्ख्या वस्तीतले पंखे, दिवे, दारावरच्या बेल त्याच्या हाताखालून गेलेल्या. त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातला दिवा मात्र बिघडलेला. बटण दाबलं तरी लागायचा नाही, आणि मग संध्याकाळी कधीतरी, जवळपास कोणी नसताना, आपोआप लागायचा. वहिनी त्यावरून त्याला येता-जाता टोमणे मारायची. ती गेल्यावर दादा अंधार पडायच्या सुमाराला बटण दाबून तिथे स्टूल टाकून बसायला लागला. दिवा लागला की म्हणायचा, "आली बघ तुझी वहिनी." आणि तेव्हाच जेवायला उठायचा.

माझ्या अंगावर काटा यायचा, आणि रागही यायचा.

शेवटी मीच हट्टाने त्याला माझ्या शेजारच्या इमारतीत आणलं. त्याचे गुडघे, तिथले जिने, त्याचं एकटं राहणं. कारणं माझ्याकडे ढीगभर होती. तो नुसता "बरं" म्हणाला. निघताना त्याने स्वयंपाकघरातलं ते बटण काढून रुमालात गुंडाळलं, त्या जागी नवं बसवलं, आणि इकडे सामान उतरायच्या आधी जुनं भिंतीत बसवून मोकळा झाला.

पण इथला दिवा अगदी शहाण्यासारखा वागायचा. बटण दाबलं की लागायचा. दादा तो विझवायचा आणि अंधारात वाट बघत बसायचा.

त्याची झोप उडाली, बीपी चढलं. डॉक्टर म्हणाले, घर बदललं की असं होतं. खोकी एकदम उपसू नका, रोज एक उघडा, वेळेवर जेवा, फिरायला जा. खोकी मी उघडली. पलंगावर त्याची जुनी चादर घातली, फिरायलाही ओढून नेलं. जेवणाचं मात्र काही जमेना. ताट समोर ठेवलं की भात चिवडत बसायचा.

"बिघाड बटणात नव्हताच," एकदा म्हणाला. "भिंतीत असणार. मी कधी उघडून बघितलंच नाही गं. ती तिकडेच राहिली."

वायरमन माणूस आणि उघडून बघितलं नाही. कसा बघेल? बिघाड सापडला असता तर वहिनी कुठे राहिली असती? मला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण त्याला इथे आणणारी मीच, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत वाळत चालला होता.

मग जुन्या घरात राहायला आलेल्या बाईंचा फोन आला. "काका, इथला दिवा आपोआप लागतो. धाकटी फार घाबरते. तेवढं दुरुस्त करून द्याल का?"

मी "जाऊ नकोस" म्हणाले. दादाने दाढी केली आणि इस्त्रीचा शर्ट घातला. मीही निघाले.

त्या स्वयंपाकघरात आता दुसऱ्यांची भांडी होती. बटण दाबून दादा बाईंनी दिलेल्या खुर्चीवर बसला. बाहेर अंधारून आलं आणि दिवा लागला. किती दिवसांनी तो हसला. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण मला रडू आवरेना.

बाईंची धाकटी आईच्या मागे लपली होती. दादाने तिच्याकडे बघितलं, उठून मेन स्विच बंद केला आणि बॅटरीच्या उजेडात भिंतीतली जोडांची डबी उघडली. आत वायरचा एक जोड ढिला होता, काळा पडलेला. पकड हातात घेऊन तो तसाच थांबला. मग भिंतीला तळवा लावून हळू आवाजात म्हणाला, "मी आता इथे नसतो. तुझ्या नणंदेच्या शेजारची इमारत, पहिला मजला, डावीकडचं दार. इथे पोर घाबरते. तू तिकडे ये."

आणि त्याने तो जोड पक्का केला.

घरी आल्यावर चहासुद्धा न घेता त्याने ड्रिल काढलं आणि दारावर पाटी लावली. जुनीच, दोघांच्या नावांची. मग स्वयंपाकघरात जाऊन अंधारात बसला.

मी दिवा लावायला हात उचलला, खाली घेतला, आणि त्याच्या शेजारी बसले.