आंब्यावरचा भाडेकरू

मुकुंदराव वकिलांनी धारवाडच्या कोर्टात जन्मभर भाडेकरूंचे खटले लढवले. निवृत्त झाल्यावर जो शेवटचा भाडेकरू त्यांच्याकडे आला, तो झाडावर राहणारा होता.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात कलघटगीच्या पुढे, जंगलातल्या रस्त्यावर एक फांदी मोडून पडली होती. तिच्यावर आमरी, म्हणजे रानातलं ऑर्किड, होती. जाड पानं, हवेत लोंबणारी मुळं. मुकुंदरावांनी ती घरी आणली आणि परसातल्या आंब्याला सुतळीने बांधली. आता हा आंबा लावला कुणी का असेना, मालकी त्यांच्या बायकोची, वेणूबाईंची. त्याच्या कैऱ्यांचं त्यांचं लोणचं निम्म्या गल्लीत जाई.

"हे बांडगूळ कशाला आणलंत?"

"बांडगूळ नव्हे गं. ही झाडाचं काही खात नाही, नुसती राहते. झाडाशी देणं नाही, घेणं नाही."

"सगळे भाडेकरू असंच म्हणतात की! एक कैरी जरी कमी आली, तर ही बंबात."

आंबा एक वर्ष आड धरतो, हे वकीलसाहेब विसरले. पुढच्या उन्हाळ्यात झाडावर औषधाला कैरी नाही. आणि नेमका तेव्हाच आमरीला कळ्यांचा तुरा आलेला! फुलायला आठवडा तरी हवा होता, पण वेणूबाईंच्या कोर्टात तारीख मिळत नसे.

गुरुवारी त्या मठात गेल्या. मुकुंदरावांनी बाजारातून कैऱ्या आणल्या, शिडी लावली आणि एकेक कैरी फांदीला बांधली. सुतळी तीच, गाठही तीच.

वेणूबाई परतल्या. वर बघितलं. एक कैरी ओढली, ती सुतळीसकट हातात आली.

"अहो, आपल्या गोल कैरीला ही तोतापुरीची चोच कधी फुटली?"

"आमरीचा गुण," मुकुंदरावांच्या तोंडून निघून गेलं.

"अस्सं! आणि झाडाशी देणं नाही, घेणं नाही म्हणालं होतं ते कोण?"

उभ्या वकिलीत त्यांचा साक्षीदार असा कधी फुटला नव्हता. ते शिडी घडी करू लागले.

वेणूबाईंना हसू आवरेना. "राहू दे तिला," त्या म्हणाल्या, "पण या कैऱ्यांचं लोणचं वर्षभर तुम्हीच खायचं."

आठवड्याने आमरी फुलली, गुलाबी, लांब वेणीसारखी. लोणचं मात्र महिन्याभरात लिबलिबीत झालं. मुकुंदराव ते रोज वाढून घेत, खिडकीतून आंब्याकडे बघत गिळत.

पुढच्या वर्षी आंबा वाकेपर्यंत लगडला. वेणूबाई शेजारच्या अनसूयाबाईंना सांगत होत्या, "आमरीचा गुण हो, दुसरं काय!"

मुकुंदरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. निकाल आपल्या बाजूने लागल्यावर युक्तिवाद करायचा नसतो.