न चावणारी चप्पल

माझ्या सासऱ्यांच्या डाव्या पायाला चार बोटं आहेत. अंगठाही होता, तो माझ्या कौतुकाच्या हौसेपायी गेला.

सासरे पेठ वडगावचे. उभा जन्म म्हशींच्या व्यापारात गेल्यामुळं समोर काहीही आलं की आधी त्याची खोड शोधायची, ही त्यांची सवय. (लग्नाआधी मला बघायला आले तेव्हा हळूच माझे दात बघून गेले, असा माझा संशय आहे.) मी त्यांना मामा म्हणतो, ते मला पावणं. पंधरा वर्षांत मी नेलेली एकही वस्तू त्यांच्याकडं पास झाली नव्हती. स्वेटर टोचायचा, घड्याळ पुढं पळायचं, खुर्ची कुरकुरायची. शुगर मात्र त्यांना बरीच वर्षं होती आणि तिच्यात त्यांनी कधीच खोड काढली नाही. आठवली तर गोळी, नाहीतर नुसता चहा, असं चाललं होतं.

गेल्या वर्षी त्यांची जुनी चप्पल झिजली. मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो, त्यामुळं चपलांतलं मला कळतं असा माझा समज. ओळखीच्या कारागिराकडून जाड तळाची, करकर वाजणारी कापशी घाटाची कोल्हापुरी चप्पल शिवून घेतली. आता नवी कोल्हापुरी चावणारच. आठवडाभर तिला तेल पाजायचं, टाचेला कापूस लावायचा, लंगडत चालायचं, मग कुठं ती माणसाळते! मामांनी तेलाचा थेंब न लावता ती पायात घातली, अख्खा जनावरांचा बाजार फिरून आले आणि घराच्या पुढच्या सोप्यात बसत म्हणाले, "पावणं, चावत न्हाय की ओ ही."

मी त्यांना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. पंधरा वर्षांनी जावई पास झाला होता!

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ज्यानं विचारलं त्याला आणि ज्यानं विचारलं नाही त्यालाही ही गोष्ट सांगितली. संध्याकाळी कारागिराचं अभिनंदन करायला गेलो. तो खूश होण्याऐवजी हातातली आरी खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिला.

"माझी चप्पल, आन् पयल्या दिवशी चावत न्हाय? आसं हुईत न्हाय," तो म्हणाला. "त्यांचा पाय बघा एकदा."

स्वतःच्या मालावर एवढा अविश्वास असलेला माणूस मी पाहिला नव्हता. मीच त्याला धीर देऊन आलो.

पुढं फोनवरून मी चपलांचा तज्ज्ञ झालो. सासूबाई म्हणाल्या, फरशीवर तांबूस डाग पडतायत. मी सांगितलं, नव्या कातड्याचा रंग सुटतो. चार दिवसांनी म्हणाल्या, वास येतोय. मी सांगितलं, कच्च्या कातड्याला वास असतोच, उन्हात ठेवा. पण मामा ती पायातनं काढतील तर ना! बाजारात पाय पुढं करून, जावयानं दिली, चावत नाही, असं दाखवत फिरत होते. हे कळल्यावर मी इतका फुगलो की रविवारी खास कौतुक ऐकायला बायकोला घेऊन वडगावला गेलो.

सुनीता वडिलांच्या पाया पडायला वाकली आणि उठेचना. अंगठ्यावरच्या वादीखाली कातडी उरलीच नव्हती. अंगठा खालून काळा पडला होता. मामा स्वतःही वाकले आणि परक्याचा पाय बघावा तसे बघत राहिले.

"दुखत न्हाय की गं," ते म्हणाले.

मी ती चप्पल त्यांच्या पायातनं काढून पिशवीत घातली.

कोल्हापुरात डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला लावले आणि टोचलं की सांगा म्हणाले. मामा थांबले, आणखी थांबले, शेवटी वैतागले. "टोचा की मग. किती येळ बसवताय?" डॉक्टरांचं तोवर सहा ठिकाणी टोचून झालं होतं. शुगरनं पायाच्या नसा मारल्या होत्या. अंगठा ठेवला तर पाय जाईल, असं त्यांनी सांगितलं.

ऑपरेशन होईपर्यंत मी ती चप्पल पिशवीत घेऊन बाहेर बसलो होतो. कारागीर सांगत होता, पाय बघा. मला कौतुक ऐकायचं होतं, पायाकडं कोण बघतो! इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

नंतर वॉर्डात विचारलं, पायाला कळत नाही हे कधीपासून? म्हणाले, दोनेक वर्षं झाली. मग सांगितलं का नाही?

"आपल्या म्हशीची खोड आपुन सांगतो व्हय, पावणं? ती गिऱ्हाइकानं काढायची आसती."

जखम भरल्यावर डॉक्टरांनी सांगितलेले मऊ, बंद बूट मी आणले. मामांनी घातले, चार पावलं टाकली आणि कपाळाला आठ्या घातल्या. उजवा जरा चावतोय म्हणाले. मला रडू फुटायचंच बाकी राहिलं. चावतोय म्हणजे तो पाय जिवंत आहे! मी ऑफिसात पेढे वाटले (शुगरच्या आजारात चांगली बातमी आली म्हणून पेढे!) आणि मग मामांना तपासायला नेलं. पुन्हा डोळे मिटले, पुन्हा टोचणी. उजव्या पायालाही काही कळत नव्हतं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, मग चावतोय असं का म्हणालात?

मामा माझ्या खांद्यावर भार टाकून सावकाश चालत होते. "चावत न्हाय म्हटलं तर अंगठा गेला. म्हटलं, ह्या पायाला चावतंय आसं म्हणून बघावं."

आता दर रविवारी मी वडगावला जातो. त्यांचे दोन्ही पाय मांडीवर घेतो, चष्मा लावतो आणि बोटाबोटांच्या मधली कातडी तपासतो. मामा वरून विचारतात, खोड सापडली का? मी नाही म्हणतो.

"नीट बघा, पावणं," ते म्हणतात. "मागल्या टायमाला बी पाय तुमीच पास केलता."