न विचारता लिहिलेलं

वायरमनची बायको चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. मोठी बोलकी बाई. गिऱ्हाईक चष्मा न्यायला यायचं आणि गप्पांत रमून जायचं. पण नवऱ्याला विसरण्याचा आजार जडला आणि तिची बोलतीच बंद झाली. मन मोकळं करणार तरी कुणाजवळ? शेवटी भाचीने तिला ब्लॉग सुरू करून दिला. दुपारच्या सुट्टीत काउंटरमागे बसून ती फोनवर लिहू लागली.

लिहायची मात्र छान. नवरा शर्टाची बटणं कशी चुकवतो, उभा जन्म बोर्ड जोडण्यात घालवलेला माणूस दिवा लावायला भिंत कशी चाचपतो, एकदा तिलाच त्याने ‘आमची मंडळी कुठे गेली हो?’ असं कसं विचारलं. वर त्याचा फोटोही टाकला. अनोळखी बायका लिहायच्या, "ताई, तुमच्यामुळे धीर आला." तिलाही हलकं वाटायचं. नवऱ्याला विचारायचं काही तिच्या डोक्यात आलं नाही. त्याला आता काय कळतंय, असंच ती धरून चालली होती.

एकदा तो बल्ब आणायला ओळखीच्या दुकानात गेला. दुकानदार हसत म्हणाला, "काय राव, बायको समोर असताना बायकोला शोधता म्हणे!"

बल्ब न घेताच तो घरी आला. "तू लोकांना सांगितलंस?"

"अहो, त्यांना उपयोग होतो म्हणून..."

"माझी लाज काढून?"

तिने तिथल्या तिथे सगळं पुसून टाकलं. पण काहींनी तो मजकूर फोटोसकट आपापल्या पानांवर उचलून ठेवला होता. तिने एकेकाला गयावया करून लिहिलं. एकीने काढून टाकला, माफीही मागितली. बाकीच्यांनी साधं उत्तरही दिलं नाही.

हळूहळू तो दुकानदाराचं बोलणं विसरला. राग कशाचा होता, तेही विसरला. बायकोपासून जपून राहायचं, एवढं मात्र त्याच्या अंगात मुरलं. तिच्या हातात फोन दिसला की बोलता बोलता गप्प व्हायचा. कपडे बदलायला न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावायचा.

परवा ती कामावरून आली, तर हा उजवा हात खिशात घालून बसलेला. जेवायला बसला तरी हात काढेना. तिने मनगट धरून तो बाहेर ओढला. पंजाभर फोड आले होते. कधीतरी उकळतं पाणी सांडलं असणार.

"अहो, मला सांगायचं नाही का?"

"तुला नको," तो म्हणाला, आणि डाव्या हाताने घास उचलू लागला.