बायको इंजिनिअर होत असताना मी बांधलेली कमान

माझी बायको सरकारी इंजिनिअर झाली. ती होऊ नये म्हणून मी एकट्याने जेवढी मेहनत घेतली, तेवढी तिच्याविरुद्ध परीक्षेला बसलेल्या सगळ्या उमेदवारांनी मिळूनही घेतली नसेल. (मुद्दाम नाही हो! प्रेमापोटी!)

आम्ही भिवंडीजवळच्या राहनाळचे. वडिलांच्या भातशेतीवर आता गोडाऊन उभं आहे आणि त्याच गोडाऊनात मी नोकरीला आहे. कंटेनर आत घ्यायचे, बाहेर काढायचे, आणि मधल्या वेळात मोठ्याने बोलायचं, हे माझं काम. मनीषा मात्र शिकलेली. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन आमच्या घरी आली. एका खासगी ठेकेदाराकडे साईटवर उन्हातान्हात उभी राहिली आणि घरी येऊन तांदळाच्या भाकऱ्या थापता थापता बीम-कॉलमची गणितं पाठ करत राहिली. कनिष्ठ अभियंता व्हायचं, म्हणजे रस्ते-इमारतींच्या सरकारी कामावर देखरेख करायची, हे तिचं स्वप्न. वयाची अट बघता यंदाची संधी शेवटची होती.

आणि ती लेखी परीक्षा पास झाली!

आता आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो. आमच्या पट्ट्यात आनंद मनात ठेवत नाहीत, खांबाला बांधतात. पोरगं पहिलीत गेलं की फ्लेक्स, बैलाचा वाढदिवस की फ्लेक्स. मग घरची लक्ष्मी परीक्षा पास झाल्यावर मी गप्प बसू? मी थेट कमानच बांधली. गावात शिरायच्या रस्त्यावर, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत. चुलतभावाच्या हळदीच्या मांडवातले बांबू पडलेच होते, फक्त फ्लेक्स छापून घेतला. ‘राहनाळची शान! कनिष्ठ अभियंता सौ. मनीषाताई यांचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : हरेशभाऊ मित्रमंडळ.’ त्यावर तिचा फोटो आणि माझा गॉगलवाला फोटो. (माझा जरा मोठा आला. फ्लेक्सवाल्याची चूक. मीच त्याला तसं सांगितलं होतं, ही वेगळी गोष्ट.)

संध्याकाळी मनीषा साईटवरून आली आणि कमानीखाली उभी राहिली. मला वाटलं, डोळ्यांत पाणी येईल. डोळे बारीक झाले.

“अहो, मी कुठे झालेय कनिष्ठ अभियंता? उद्या ठाण्याला कागदपत्रं तपासायचीत. ती पास झाली की मग!”

“त्यात काय नापास व्हायचं? कागद तर तुझेच आहेत!”

“पुकारल्यावर हजर नसलं तर नाव बाद करतात.” मग तिने मान वर केली. “आणि ही उंची कशाच्या हिशेबाने घेतलीत?”

“टेम्पोच्या टपावर उभा राहिलो आणि हात वर केला.”

“आणि कंटेनर आला तर?”

“गावातल्या रस्त्यावर कंटेनर कशाला मरायला येईल?”

“आणि हा एक पाय विजेच्या खांबाला का बांधलाय?”

“खांब मजबूत असतो ना!”

तिने माझ्याकडे बघितलं. साईटवर वाकडी भिंत बांधणाऱ्या गवंड्याकडे ती कशी बघत असेल, ते मला त्या दिवशी समजलं. “सकाळच्या आत काढा,” एवढंच बोलली. मी “हो” म्हणालो. आमच्या घरात माझ्या ‘हो’ला कोणी फारसं धरून बसत नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला तिला ठाण्याच्या कार्यालयात हजर व्हायचं होतं. सकाळी सगळं कसं झकास चाललं होतं. मनीषा नवी साडी नेसून तयार, मूळ कागदपत्रांची फाईल माझ्या आईच्या मांडीवर, आई देवापुढे. मी बाईक पुसत होतो. तेवढ्यात फोन वाजला. आमच्या गोडाऊनचा माल घेऊन येणारा रामसेवक ड्रायव्हर!

“भाऊ, वडपे से निकला हूँ, आगे पूरा जाम है. आज शाम हो जाएगी!”

हा माल उतरवून घेतल्याशिवाय मला सुट्टी नव्हती, आणि बायकोच्या आयुष्यातल्या एवढ्या मोठ्या दिवशी मी शेजारी नाही म्हणजे काय! डोकं चालवलं. (डोकं चालवलं की आमच्या घरातली माणसं आधी भांडीकुंडी आवरून ठेवतात.)

“रामसेवक, मेन रोड छोड! गाँव के अंदर से आ जा. शॉर्टकट है!”

“गाड़ी निकल जाएगी ना?”

“अरे आँख बंद करके आ!”

आला. डोळे बंद करूनच आला असावा.

आधी कडकड आवाज झाला. मग कुत्री भुंकली. मग गल्लीच्या टोकाकडून कुणीतरी ओरडलं, “हरेशभाऊची कमान गेली रे!” मी धावलो. बघतो तर कंटेनरच्या वरच्या कोपऱ्यात कमानीचा आडवा बांबू अडकलेला, कमान तिरकी झालेली, तिच्याबरोबर विजेचा खांब झुकलेला, आणि तारा खाली लोंबून कंटेनरच्या टपापासून वीतभरावर हलत होत्या. सगळ्यात वर माझा फोटो. गॉगल लावून हसत होता.

अर्धं गाव जमलं. जमलं म्हणजे सल्ले सुरू!

“दोरी लावून ओढा!”

“पुढं काढ रे गाडी, दे एक झटका!”

आमचे काशिनाथकाका टायरपाशी जाऊन बसले. काकांना मोबाईलवर रोज ज्ञान येतं. “हवा काढा टायरची! गाडी खाली बसंल, आपोआप सुटंल!”

“काका, हात मागे!”

आवाज एवढा चढा होता की काकांबरोबर मीही हात मागे घेतला. मनीषा होती. पदर खोचलेला, पायात सणाला घालायच्या चपला.

“कोणीही गाडीला हात लावायचा नाही! तारेत वीज आहे. रामसेवकभाई, नीचे मत उतरो! अंदर ही बैठो, लोहे को हाथ मत लगाना!”

“मैडम, हम तो भाऊ ने फोन पे जैसा बोला वैसा आए!” रामसेवक आतून रडवेला झाला होता.

सगळं गाव माझ्याकडे वळलं. मनीषा नाही वळली. तेवढा तिला वेळ नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

आई फाईल छातीशी धरून धापा टाकत आली. “मनीशा, तू कंला थांबलीस? त्या बांधावरनं जा, पलीकडं रिक्शा मिळंल. हितलं लोकं बगतील!”

आई बरोबर बोलत होती. बांधावरून पाच मिनिटांत पलीकडे जाता आलं असतं, ठाण्याच्या वाटेवरचा कशेळीचा पूल गर्दीच्या आधी ओलांडता आला असता. मनीषाने एकदा बांधाकडे बघितलं. एकदा त्या हलणाऱ्या तारांकडे बघितलं.

“आई, इथे माणसं उभी आहेत. मी गेले की हे पुन्हा दोरी लावतील.”

खरं सांगतो, मी या बाईबरोबर इतकी वर्षं जेवतोय, आणि ही कोण आहे हे मला माहीतच नव्हतं!

तिने फोन लावला. साईटच्या कामामुळे वीज केंद्राचा नंबर तिच्याकडे होता. कुठली लाईन, कुठला खांब, काय अडकलंय, सगळं थोडक्यात सांगितलं. पलीकडून विचारलं, कोण बोलतंय?

“सांग, इंजिनिअर बोलतेय!” मी मागून कुजबुजलो.

“गावची सून बोलतेय. लवकर बंद करा.”

घराघरांतून ओरडा झाला, “पंखा बंद झाला! गेली लाईट!” लोक पुढे सरकले, तर ही आडवी. “वायरमन येऊन तपासेपर्यंत कोणी यायचं नाही.” आणि आमचं गाव, जिथे सरपंचाचं सोडा, लग्नात भटजीचंही कोणी ऐकत नाही, ते गाव मुकाट्याने दोन पावलं मागे गेलं! मी तर चार गेलो.

वायरमन आला, तारा तपासल्या, मान हलवली. मग तिने एकेकाला कामं वाटली. दोघांनी दोर धरायचा, एकाने खांबाजवळची गाठ सोडायची, रामसेवकने सांगेपर्यंत गिअरला हात लावायचा नाही. गाठ काही सुटेना.

“ही गाठ कोणी मारलीय?”

मी बोट वर केलं.

“लग्नात एवढी घट्ट मारली नव्हतीत,” ती म्हणाली आणि कोयता मागवला.

गाठ कापली. दोर हळूहळू ढिला केला तशी कमान खाली आली, आणि फ्लेक्ससकट नेमकी माझ्या डोक्यावर बसली. फाटलेल्या ‘अभिनंदन’मधून मी तोंड बाहेर काढलं, तोवर मनीषा हाताच्या इशाऱ्यांवर तो एवढा मोठा कंटेनर मागे घेत होती. डावीकडे गटार, उजवीकडे काकांचं कुंपण. दोन्हींना धक्का नाही. कंटेनर मागे घेणं हे माझं रोजचं काम आहे हो! पण मला शिट्टी, शिव्या आणि गटारातले दोन दगड लागतात.

रामसेवकने खिडकीतून हात जोडले. “मैडम, आप बड़ी साहब हैं क्या?”

आईने पदराने मनीषाचं तोंड पुसलं, फाईल तिच्या हातात दिली आणि त्याला म्हणाली, “आजून न्हाय. व्हायलाच निघालीय. तू रस्ता सोड आदी!”

माल उतरवून घ्यायचं काम मी गोडाऊनातल्या दुसऱ्या माणसाच्या गळ्यात घातलं आणि मनीषाला बाईकवर बसवलं. कशेळीला गाड्यांची रांग लागलेली, अकरा केव्हाच वाजून गेले होते. मागे ती मिनिटामिनिटाला वेळ बघत होती. गावासमोर एकदाही बघितली नव्हती. तेव्हा मला खरी भीती वाटली. हिचं नाव बाद झालं तर मी कुठल्या तोंडाने घरी जाऊ? मी गाड्यांच्या फटीफटीतून बाईक काढली, जमेल तेवढ्या देवांना नवस बोललो, त्यातले काही मला नीट माहीतही नव्हते.

कार्यालयात पोचलो तर शिपाई नावं पुकारत होता. गुणांच्या क्रमाने! आणि आमची ‘राहनाळची शान’ गुणवत्ता यादीत खालून दुसरी! ती अजून पुकारायची होती. पहिली आली असती तर नोकरी गेली असती! मी तिथेच भिंतीला टेकून हसायला लागलो आणि हसता हसता रडायला लागलो. मनीषा साडीवरचा चिखल झटकून आत गेली.

दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं. साहेबांनी एकेक कागद बघितला, शिक्के बघितले. मग चष्म्यावरून तिच्या साडीकडे बघितलं.

“सकाळी हजेरी घेतली तेव्हा तुम्ही नव्हतात. उशीर का?”

“सर, गावच्या रस्त्यावर कंटेनर अडकला होता. खांब झुकलेला, तारा लोंबत होत्या. माणसं होती तिथे. अडथळा काढून, रस्ता मोकळा करून आले.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “काय अडकलं होतं कंटेनरला?”

“कमान, सर. विनापरवाना.”

“बांधली कोणी होती?”

तिने फक्त दाराकडे बघितलं. साहेबांनीही बघितलं. मी अंगावरच्या बांबूच्या काड्या झटकत उभा होतो, खांद्यावर अजून ‘हार्दिक’ चिकटलेलं. मी आपला नमस्कार केला.

साहेबांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि मग कागदावर सही ठोकली. “जा बाई, तुमची कागदपत्रं बरोबर आहेत,” ते म्हणाले. “अनुभवाचं मी विचारत नाही. तो तुम्ही सोबत घेऊन आलायत.”